जुन्या एएस/४०० ची जबाबदारी अंगावर आल्यावर

एखाद्या कारखान्याचा साठा, हिशेब आणि बिले वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर चालत असतात, ते सांभाळणारे गृहस्थ निवृत्त होतात आणि ती जबाबदारी संगणक विभागातल्या दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडते. आयबीएमने २१ जून १९८८ रोजी जाहीर केलेल्या आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे तयार झालेल्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकाच्या बाबतीत हे वारंवार घडते. आयसिरीज, सिस्टिम आय अशी नावे घेत ती प्रणाली २००८ पासून ‘आयबीएम आय’ या नावाने आयबीएमच्याच पॉवर सर्व्हरवर चालते. कचेरीत मात्र तिला अजूनही एएस फोर हंड्रेडच म्हणतात. ती कधी बंद पडत नाही असा तिचा लौकिक आहे आणि तो बराचसा खराही आहे. पण त्या लौकिकामुळेच तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पुढचे सारे प्रश्न त्या न पाहण्यातून उभे राहतात.

पहिल्या दिवशी डिस्क तपासाव्यात. या प्रणालीत मेमरी आणि डिस्क मिळून पत्त्यांची एकच सलग जागा मानली जाते. एखादी फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे प्रशासकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते, कारण प्रणाली तिचे तुकडे स्टोरेज पूलमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातल्या, सगळ्या डिस्कवर आपणहून विखुरते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, संरक्षण नसलेली एक डिस्क गेली तरी सबंध पूल टेपवरून पुन्हा उभा करावा लागतो. म्हणून सिस्टिम सर्व्हिस टूल्समध्ये जाऊन डिस्क कॉन्फिगरेशन स्टेटसचा पडदा उघडावा आणि प्रत्येक डिस्क रेड किंवा मिररिंगखाली, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या संरक्षणाखाली, आहे ना, हे पाहावे. एखाद्या डिस्कपुढे संरक्षण तुटल्याचा शेरा दिसला, तर बहुधा तिच्या गटातली दुसरी एखादी डिस्क निकामी झालेली असते. काम सुरळीत चालू राहते, कोणाचीही तक्रार येत नाही, आणि रेड ५ असेल तर आणखी एक डिस्क जाताच सर्व संपते.

त्या पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी सर्व्हिस टूल्सचा वेगळा वापरकर्ता लागतो. त्याचा आणि क्यूसेकऑफर या नेहमीच्या सर्वाधिकारी प्रोफाइलचा (वापरकर्ता-खात्याचा), असे दोन्ही पासवर्ड निवृत्त होणाऱ्या व्यक्तीकडून समोरासमोर घ्यावेत आणि तिथेच वापरून पाहावेत. एक हरवला तर दुसऱ्याच्या आधारे तो नव्याने देता येतो. दोन्ही हरवले तर प्रकरण फार महागात पडते.

यानंतर रोज सकाळी पाहायच्या दोन गोष्टी. ‘वर्क विथ सिस्टिम स्टेटस’ या पडद्यावर सिस्टिमचा स्टोरेज पूल किती टक्के भरला आहे ते दिसते. इशाऱ्याची मर्यादा मुळात ९० टक्के असते, पण आकडा ८० च्या पुढे सरकू लागला की कारण शोधायला बसावे. बहुतेक वेळा जुने जर्नल रिसीव्हर (फाइलींतल्या बदलांची नोंद साठवणाऱ्या वस्तू), छपाईसाठी थांबलेल्या पण कोणी न छापलेल्या स्पूल फाइली किंवा भरकटलेली एखादी क्वेरी हेच कारण निघते. टेपवर सेव्ह न झालेला जर्नल रिसीव्हर मात्र जागेच्या हव्यासापायी पुसू नये. दुसरी गोष्ट म्हणजे क्यूसिसऑपर ही मेसेज क्यू, म्हणजे प्रणाली चालकासाठी निरोप टाकते ती रांग. तिथे शेकडो किरकोळ निरोपांच्या गर्दीत डिस्कचा इशारा हरवून जातो. त्यासाठी क्यूसिस या प्रणालीच्या लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे फाइली आणि प्रोग्राम ठेवण्याचा कप्पा) क्यूसिसएमएसजी या नावाची मेसेज क्यू निर्माण करून ठेवावी; ती अस्तित्वात असली की प्रणाली काही निवडक गंभीर निरोप तिच्यातही टाकते. इतकी साधी सोय असूनही ती अनेक यंत्रांवर केलेली नसते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो सेव्हला, म्हणजे टेपवर प्रत काढण्याला. ‘गो सेव्ह’ या मेनूतला पर्याय २१ सबंध प्रणाली टेपवर घेतो, २२ फक्त प्रणालीचा भाग आणि २३ वापरकर्त्यांचा सर्व डेटा. पर्याय २१ साठी कामे चालवणाऱ्या सगळ्या सबसिस्टिम बंद करून यंत्र रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये न्यावे लागते, म्हणजे इतर कोणालाही काम करता येत नाही, म्हणून त्याला सुट्टीचा दिवस लागतो आणि म्हणूनच तो टाळला जातो. पण कोरे यंत्र टेपवरून सुरू करून सर्व काही परत आणण्याची ताकद त्याच टेपमध्ये असते. वर्षातून दोनदा, शिवाय प्रणालीत मोठा बदल करण्याआधी आणि नंतर तो घ्यावाच. रोज रात्री बदललेल्या गोष्टी आणि आठवड्याला सर्व लायब्ररी, असा क्रम लहान कारखान्याला पुरतो.

सेव्ह झाले, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. मी सांभाळायला घेतलेल्या एका यंत्राच्या टेपा तारीखवार चिठ्ठ्या लावून कपाटात नीट मांडलेल्या होत्या, आणि जॉब लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, रोज सीपीएफ३७७१ हा निरोप येत होता: इतक्या वस्तू सेव्ह झाल्या, इतक्या झाल्या नाहीत. रात्रपाळीचा एक जॉब साठ्याची मुख्य फाइल धरून बसे आणि नेमकी तीच फाइल कित्येक महिने एकाही टेपवर गेलेली नव्हती. तो निरोप कोणी वाचलाच नव्हता. तेव्हापासून मी सेव्हच्या जॉबचा शेवट रोज वाचतो आणि महिन्यातून एकदा टेपवरची एखादी लायब्ररी वेगळ्या नावाने परत आणून तिच्यातल्या नोंदी मोजतो. टेपांचा एक संच इमारतीबाहेर असावा. टेप ड्राइव्ह बदलताना जुन्या टेपांचा विचार करावा. एलटीओ या प्रचलित टेप-प्रकाराच्या सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत, आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त मागची एकच वाचतो.

आपल्याकडे विजेचा प्रश्न असतोच. यूपीएस केवळ वीज पुरवत असेल तर ते अर्धेच काम झाले. वीज गेल्याचा संकेत त्याने केबलवाटे सर्व्हरला द्यावा आणि ठरलेल्या वेळानंतर सर्व्हरने स्वतः शिस्तीत बंद व्हावे, अशी मांडणी क्यूयूपीएसएमएसजीक्यू आणि क्यूयूपीएसडीएलवायटीआयएम या दोन सिस्टिम व्हॅल्यूंनी (प्रणालीच्या सेटिंगनी) करता येते. विलंबाची वेळ ठरवताना बॅटरी नवी असतानाचा कालावधी धरू नये, आजचा मोजावा. अवेळी बंद पडलेले यंत्र पुढच्या आयपीएलच्या, म्हणजे सुरू होण्याच्या, वेळी फाइलींचे ॲक्सेस पाथ (नोंदी शोधण्याच्या सूची) पुन्हा बांधत बसते आणि मोठ्या फाइली असतील तर सकाळची पाळी खोळंबते.

पीटीएफ म्हणजे आयबीएमने दिलेल्या प्रणालीच्या दुरुस्त्या. त्यांतल्या हायपर, म्हणजे गंभीर दोषांवरच्या, गटाकडे दुर्लक्ष करू नये. आधी पर्याय २२, मग दुरुस्त्या तात्पुरत्या स्वरूपात लावणे, काही आठवडे यंत्र नीट चालल्याचे पाहणे आणि त्यानंतरच त्या कायम करणे, हा क्रम सोडू नये, कारण कायम केलेली दुरुस्ती काढता येत नाही.

सुरक्षेची पातळी ही प्रणालीची सेटिंग ४० च्या खाली नसावी. ‘ॲनलाइझ डिफॉल्ट पासवर्ड’ ही आज्ञा, ज्यांचे नाव आणि पासवर्ड एकच आहे अशा प्रोफाइलींची यादी देते. जुन्या यंत्रावर ती यादी लांबलचक निघते. उरते ते निवृत्त झालेल्या गृहस्थांचे प्रोफाइल. ते तडकाफडकी पुसण्याचा मोह आवरावा, कारण कारखान्याचे निम्मे प्रोग्राम त्यांच्या मालकीचे असू शकतात आणि महिनाअखेरीचे जॉबही त्यांच्याच नावाने लागलेले असू शकतात. आधी प्रोफाइल डिसेबल करावे, जॉब शेड्यूलमधल्या नोंदी एकेक तपासून नव्या नावावर घ्याव्यात, आणि एखादी महिनाअखेर पार पडल्यावर प्रोफाइल पुसताना त्याच्या मालकीच्या वस्तूंसाठी ‘डिलीट’ हा पर्याय न देता मालक बदलण्याचा पर्याय द्यावा.