नव्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह आणि व्हर्च्युअल मशीन: या चुका टाळा

दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की तालुक्याच्या दुकानांत कॉम्प्युटर असेंबल करून घेणाऱ्यांची गर्दी होते. प्रोसेसरवर तासभर घासाघीस चालते आणि ड्राइव्हचा विषय ‘एक टीबी टाकून द्या भाऊ’ एवढ्यावर संपतो. नुसते टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे असतील तर चालून जाते. पण इंजिनिअरिंगच्या पोराला विंडोजमध्येच लिनक्स हवे असेल, किंवा जिनिंगवाल्याला वजनकाट्याचे जुने सॉफ्टवेअर विंडोज 7 वर चालवायचे असेल, तर हाच निष्काळजीपणा महागात पडतो. अशा कामाला व्हर्च्युअल मशीन लागते, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची अख्खी डिस्क म्हणजे तुमच्या ड्राइव्हवरची एक भलीमोठी फाइल. ती फाइल बिघडली की आतला सगळा कॉम्प्युटर गेला.

एम.2 म्हटले की वेगवान, असे समजणे

एम.2 हे एसएसडीच्या (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) पट्टीच्या आकाराचे आणि मदरबोर्डावरच्या खाचेचे नाव आहे. 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्याच आकारात साटा (हार्डडिस्कच्या काळापासूनची जुनी जोडणी) एसएसडीही मिळते, ती सेकंदाला साधारण 550 एमबीच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई ही नवी, वेगवान जोडणी; तिच्या तिसऱ्या पिढीची (जेन 3) एसएसडी मात्र 3,500 एमबीपर्यंत वाचते. बिलावर नुसते ‘1 टीबी एसएसडी’ लिहून घेऊ नका, मॉडेल नंबर लिहून घ्या. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीची गंमत अशी की पहिले काही जीबी ती झपाट्याने लिहिते, कॅशे म्हणजे तात्पुरती वेगवान जागा भरली की वेग हार्डडिस्कइतका किंवा त्याहूनही खाली येतो. व्हर्च्युअल मशीनसाठी टीएलसीच (पेशीत तीन बिटवाली) घ्या, क्षमता थोडी कमी मिळाली तरी. 1 टीबीच्या जागी विंडोजमध्ये 931 दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.

‘नवी एसएसडी टाकली न् जुनी हार्डडिस्क दिसूनच नाही राहिली’ ही नेहमीची तक्रार. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.2 खाच भरली की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेले असते. केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. आणि विंडोज टाकताना ड्राइव्ह दिसतच नसेल, त्यातही प्रोसेसर इंटेलच्या 11 व्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर ड्राइव्ह खराब समजून परत नेण्याआधी इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या.

लाईन जाते हे विसरणे

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक हीच. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर अर्धवट राहिलेले लिखाण सांभाळायला वेगळी सोय नसते. व्हर्च्युअल मशीन चालू असताना लाईन गेली तर विंडोज आणि आतले लिनक्स, दोघांच्याही फाइली एकदम अर्ध्यावर राहतात.

‘घरी इन्व्हर्टर आहे ना’ हे उत्तर पुरेसे नाही. बहुतेक इन्व्हर्टरवर ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे बटण असते, आणि ते नॉर्मलवर असेल तर लाईन जाताच कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. बटण ‘यूपीएस’वर ठेवले तर बदल झटकन होतो, पण मग व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेले की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातले व्होल्टेज कुठे उतरते ते तुम्हाला ठाऊक आहेच. बॅटरी दिवसभर भरत-रिकामी होत बसते. त्यापेक्षा कॉम्प्युटरपुरता 600 व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडे खाली-वर झाले तर बॅटरी न वापरता सावरणारा) यूपीएस वेगळा घ्या. लाईन गेली की व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) मशीनची खिडकी बंद करताना ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडायचे, तेवढा वेळ तो देतो.

उन्हाचे थोडक्यात: मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना एनव्हीएमई गरम होऊन स्वतःच वेग कमी करते. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावा, आणि कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

सॉफ्टवेअर निवडताना

हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे विंडोजचे स्वतःचे सॉफ्टवेअर विंडोज होममध्ये मिळत नाही, प्रो लागते. त्यासाठी क्रॅक की शोधत फिरण्याची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. फक्त त्याचा एक्स्टेंशन पॅक (जादा सोयींचे वेगळे पॅकेज) धंद्यासाठी वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून धंद्यासाठीही मोफत झाले. लिनक्सच मूळ प्रणाली असेल तर लिनक्समध्येच असलेल्या केव्हीएमसारखे दुसरे नाही. शिकणाऱ्याने व्हर्च्युअलबॉक्सपासून सुरुवात करावी, असे माझे मत. रॅम मात्र 16 जीबी हवीच; 8 मध्ये दोन्ही प्रणाली रडतात.

व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद दिसते का बघा. बंद असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा आणि हे चालू करा: इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. सुरू होते पण रांगते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते? मग विंडोजचा हायपर-व्ही आडवा आला आहे. विंडोज 11 मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षा सेटिंगमुळेही तसे होते, ते बंद केल्याने सुरक्षा थोडी कमी होते, हे जाणून ठरवा.

विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षा अपडेट नाहीत. वजनकाट्याचे सॉफ्टवेअर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क सेटिंगमधूनच तोडून ठेवा.

स्नॅपशॉटलाच बॅकअप मानणे

स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती; तो त्याच ड्राइव्हवर राहतो, ड्राइव्हसोबतच जातो. शिवाय व्हर्च्युअल मशीनची वाढत्या आकाराची (लागेल तशी मोठी होणारी) डिस्क आतल्या फाइली पुसल्या तरी आपोआप लहान होत नाही. मूळ ड्राइव्ह गच्च भरला की मशीन मध्येच थांबते. जुने स्नॅपशॉट काढत चला. जुनी हार्डडिस्क इथे कामाची: व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून त्या मशीनचे अख्खे फोल्डर या हार्डडिस्कवर कॉपी करा, आणि ती कॉपी एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.