सीएनजी-कीचं हँडल: उघडलं कोणी, बंद कोण करणार?

आमची टीम इनव्हॉइसवर डिजिटल सही करणारी विंडोज सर्व्हिस सांभाळते, सी-शार्पमध्ये. रिव्ह्यूला कोड आला की मी अल्गोरिदम नंतर बघते, आधी ‘हँडल’ (विंडोजने सांभाळलेल्या किल्लीपर्यंत पोचायचा संदर्भ) हा शब्द शोधते. आरएसए (सहीचा अल्गोरिदम) वापरताना मोठी चूक करायला जरा कष्ट पडतात, हँडलच्या बाबतीत एक ओळ पुरते.

सीएनजी (रिक्षातला नव्हे, मायक्रोसॉफ्टचा: ‘क्रिप्टोग्राफी एपीआय: नेक्स्ट जनरेशन’, विंडोजमधली किल्ल्या आणि सह्यांची लायब्ररी) व्हिस्टाबरोबर आला. डॉटनेट ३.५ मध्ये त्यावर ‘सीएनजी-की’ हा क्लास मिळाला. एक गोष्ट पक्की धरा: या क्लासचा ऑब्जेक्ट म्हणजे किल्ली नव्हे. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसा तो आहे. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर की स्टोरेज प्रोव्हायडरमध्ये (किल्ल्या साठवणाऱ्या भागात) कायमची ठेवलेली खाजगी किल्ली आपल्या प्रोसेसमध्ये येतच नाही. सहीचं काम एलएसए या विंडोजच्या सुरक्षा सांभाळणाऱ्या प्रोसेसमध्ये, ‘की आयसोलेशन’ सर्व्हिसमधून होतं. आपल्याकडे असतं ते फक्त हँडल. म्हणून ‘डिस्पोज’ (ऑब्जेक्टचं हँडल सोडणं) केल्याने किल्ली जात नाही, ती ‘डिलीट’नेच जाते. नव्या मुलांना हे दोन शब्द सारखे वाटतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

किल्ली बनवताना ‘क्रिएट’ला नाव द्या. नाव दिलं नाही तर ती तात्पुरती राहते, हँडल मिटलं की गेली. सोबत क्रिएशन पॅरामीटर्समध्ये तीन गोष्टी स्वतः लिहा. लांबी ‘लेंग्थ’ प्रॉपर्टीतून, मी ३०७२ देते. एक्स्पोर्ट पॉलिसी ‘नन’, म्हणजे किल्ली बाहेर काढता येणार नाही. आणि सर्व्हिससाठी असेल तर ‘मशीन-की’, म्हणजे एका युजरची नव्हे, मशीनची किल्ली. ‘ओव्हरराइट एक्झिस्टिंग की’ मात्र लावू नका. त्याच नावाची किल्ली आधीच असेल तर ८००९०००एफ ही एरर येऊ द्या. ती एरर आली म्हणजे जुनी किल्ली शाबूत आहे.

उघडताना ‘ओपन’ला नाव, प्रोव्हायडर आणि पुन्हा ‘मशीन-की’ हा पर्याय लागतो. तो विसरला की विंडोज किल्ली युजरच्या कप्प्यात शोधतं आणि ८००९००१६, म्हणजे ‘कीसेट डझ नॉट एक्झिस्ट’, असं सांगतं. किल्ली असते प्रोग्रॅमडेटाखालच्या मायक्रोसॉफ्ट\क्रिप्टो\कीज या फोल्डरमध्ये, आणि आपण अर्धा दिवस युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये फाइल शोधत बसतो. अ‍ॅडमिनने बनवलेली किल्ली सर्व्हिसच्या अकाउंटला आपोआप वाचता येत नाही, तेव्हा त्या फाइलवर त्याला वाचण्याची परवानगी द्या. सर्व्हिसमध्ये ‘सायलेंट’ पर्यायही लावा. पिन विचारणारी खिडकी तिथे कोणाला दिसणार?

आता मूळ मुद्दा. ‘सीएनजी-की’ची ‘हँडल’ प्रॉपर्टी वाचली की ‘सेफ-एनक्रिप्ट-की-हँडल’ मिळतं, पण ते ऑब्जेक्टच्या आतलं हँडल नसतं. दर वाचनाला नवी प्रत मिळते. विंडोजमध्ये या हँडलची प्रत काढायचं फंक्शनच नाही, म्हणून डॉटनेट स्वतः हिशेब ठेवतं. सगळ्या प्रती मिटल्या की मगच खालचं खरं हँडल सुटतं. समजा हजार इनव्हॉइसच्या लूपमध्ये कोणी ‘की-डॉट-हँडल’ थेट नेटिव्ह (डॉटनेटबाहेरच्या, विंडोजच्या) फंक्शनला दिलं. हजार प्रती तयार झाल्या आणि एकही मिटवली नाही. तुम्ही बाहेर ‘सीएनजी-की’ला व्यवस्थित ‘युजिंग’ (काम संपताच आपोआप डिस्पोज करणारी सी-शार्पची रचना) लावलंत तरी खरं हँडल उघडंच राहतं, गार्बेज कलेक्टरला (न वापरातले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या डॉटनेटच्या भागाला) सवड होईपर्यंत. लूपच्या बाहेर, ‘युजिंग’मध्ये, एकदाच वाचा. आणि ‘डेंजरस-गेट-हँडल’ (सेफ हँडलमधून कच्चं हँडल काढणारी मेथड) दिसलं की मी पुल रिक्वेस्ट परत पाठवते. नेटिव्ह फंक्शनच्या डिक्लरेशनमध्ये ‘इंट-पॉइंटर’ऐवजी सेफ हँडलचाच टाइप लिहिला, की कॉल चालू असेपर्यंत ते मिटणार नाही याची काळजी रनटाइम घेतं.

उलटी दिशाही लागते. यूएसबी टोकनवाल्या व्हेंडरची डीएलएल तुम्हाला हँडल देते आणि त्यावरून ‘सीएनजी-की’ बनवायची असते. ‘ओपन’चा हँडल घेणारा प्रकार वापरा. तोही प्रतच काढतो, तेव्हा तुमचं हँडल तुम्हीच मिटवायचं. त्याचा दुसरा पॅरामीटर नीट निवडा. किल्ली तात्पुरती असेल, मग ती डॉटनेटने बनवलेली असो वा बाहेर, तर ‘इफेमरल-की’, नाहीतर ‘नन’. डॉटनेटने स्वतः बनवलेल्या तात्पुरत्या किल्लीला ‘नन’ म्हणालात तर सरळ एक्सेप्शन येतं, आणि मला ते आवडतं.

सर्टिफिकेटवरून ‘क्रिप्ट-अक्वायर-सर्टिफिकेट-प्रायव्हेट-की’ने किल्ली घेत असाल तर ते फंक्शन एक बूलियनही परत देतं: हँडल सोडायची जबाबदारी तुमची की नाही. तो बघायचा कंटाळा करू नका. उत्तर ‘नाही’ असेल तर हँडलचा मालक सर्टिफिकेट आहे. अशा वेळी सेफ हँडलच्या ज्या कन्स्ट्रक्टरला पेरेंट हँडल देता येतं तो वापरा आणि सर्टिफिकेटचं हँडल तिथे द्या, म्हणजे किल्ली वापरात असताना ते आधी सुटणार नाही. खरं तर साधी सही करायची असेल तर ‘गेट-आरएसए-प्रायव्हेट-की’ पुरे, या खटाटोपात पडूच नका. फक्त ते दर वेळी नवा ऑब्जेक्ट देतं, त्याला ‘युजिंग’ हवंच.

किल्ली काढून टाकायची वेळ आली तर आधी बाकीच्या सगळ्या प्रती मिटवा, मग ‘डिलीट’ करा. नेटिव्ह ‘एनक्रिप्ट-डिलीट-की’ यशस्वी झालं की हँडलही सोडतं. ते स्वतः बोलावलं असेल तर लगेच पुढच्या ओळीत ‘सेट-हँडल-अ‍ॅज-इनव्हॅलिड’ लिहा. नाहीतर फायनलायझर (ऑब्जेक्ट साफ होताना शेवटी चालणारा कोड) तेच हँडल पुन्हा सोडायला जाईल आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसेल, ज्या कोडचा किल्लीशी काही संबंध नाही अशा ठिकाणी.