जुनी पोलादी माउंटन बाइक: निवड आणि दुरुस्ती

माउंटन बाइकचा इतिहास फार लांबचा नाही. कॅलिफोर्नियातील मारिन काउंटीत, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, १९७६ साली जुन्या जाड टायरच्या सायकलींवर उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या. मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) पायब्रेक इतका तापे, की ग्रीस जळून जाई आणि हबमध्ये ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला रिपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हे नाव पडले. त्या शर्यतींतले एक स्पर्धक जो ब्रीझ यांनी १९७७-७८ मध्ये बनवलेल्या पहिल्या दहा बाइक सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मात्र १९८१ च्या स्पेशलाइज्ड कंपनीच्या स्टंपजंपर या बाइकपासून कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागलेल्या पोलादी बाइक अजून मिळतात, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. १९९० च्या दशकातील सस्पेन्शन फोर्कच्या (धक्के शोषणाऱ्या पुढच्या चिमट्याच्या) मोहात सुरुवातीला पडू नये, कारण त्यांतील इलास्टोमरचा, म्हणजे रबरासारख्या ठोकळ्यांचा, वयोमानाने भुगा होतो.

बाइक पाहताना हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या) लगेच मागे, चौकटीच्या खालच्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा किंचित फुगवटा लागला, तर बाइक समोरून जोरात आदळलेली आहे असे समजून ती सोडून द्यावी.

त्यानंतर सीटपोस्ट (सीटखालची दांडी) हलते का, हे पाहावे. पोलादी नळीत अॅल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षे ग्रीसशिवाय राहिली, की ओलाव्यामुळे अॅल्युमिनियमवर पांढरट थर चढतो, तो फुगतो आणि पोस्ट घट्ट रुतून बसते. अशा वेळी घाई करू नये. सीटचा बोल्ट पूर्ण काढून फटीत झिरपणारे तेल रोज थोडे सोडावे, दोन-तीन दिवस थांबावे, मग पोस्टचे डोके व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पक्के धरून चौकटच हळूहळू, दोन्ही दिशांना फिरवावी. पहिला करकर आवाज आला की थांबून पुन्हा तेल सोडावे. नळीला आच देऊ नये, कारण मूळ रंग जळतो आणि तो परत मिळत नाही. पोस्ट निघाल्यावर तिचा व्यास व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावा; २६.८ आणि २७.२ मिलिमीटर यांत डोळ्याला फरक दिसत नाही, पण चुकीची पोस्ट नळी फाडते.

बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो भाग) उघडताना उजव्या बाजूचे आटे बहुतेक बाइकमध्ये उलटे असतात, हे विसरू नये. तिथे चुकीच्या दिशेने जोर लावल्यास आटे जातात. कप (छर्रे बसतात त्या वाट्या), कोन (आसावरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग) आणि छर्रे रॉकेलने धुऊन उजेडात फिरवून पाहावेत. कोनच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर तो बदलावा. छर्रे मात्र चांगले दिसले तरी नवे टाकावेत, कारण त्यांची किंमत नगण्य आहे.

रंगाबाबत माझा आग्रह एकच आहे: चौकट पुन्हा रंगवू नये. ओरखडे, फिके झालेले स्टिकर हे त्या बाइकचे वय आहे. साबणाच्या पाण्याने पुसून, गंजलेल्या ठिपक्यांवर बारीक स्टील वूल अगदी हलक्या हाताने चालवावे आणि वर मेणाचा पातळ थर द्यावा.