रानातली अळंबी मुंबईच्या स्वयंपाकघरात: पारखावी कशी, रांधावी कशी

मृगाचा पाऊस दोन-चार दिवस लागून राहतो, मग एखादी उघडीप येते, उकडायला लागतं, आभाळात गडगडतं. कोकणातली जुनी माणसं तेव्हा म्हणतात, "आता अळंबी फुटणार." माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. मामी सकाळी टोपली घेऊन निघायची ती ठरलेल्या तीन वारुळांकडे. चौथ्याकडे ती बघायचीही नाही. "तिथली कोणी खाल्लेली नाही," एवढंच तिचं कारण. बोरिवलीत राहून तीस पावसाळे झाले, तरी अळंबीबाबत माझा नियम तोच आहे: जी जागा आणि जी जात कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आहे, तीच ताटात घ्यायची.

म्हणून पहिली पायरी म्हणजे मुंबईत स्वतःहून काहीही उपटायचं नाही.

पावसात सोसायटीच्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उगवतं. वर तपकिरी खवले, छत्री तळहाताएवढी, दिसायला इतकी भरलेली की कुणालाही मोह पडावा. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी पिशवीभर काढलीही होती, ती मी हातापाया पडून फेकायला लावली. या जातीची छत्री उलटी करून पाहिली तर पाती, म्हणजे छत्रीखालच्या पातळ घड्या, आधी पांढरी असतात आणि जून झाल्यावर हिरवट पडतात. पोटात गेली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. रुळांच्या कडेची, गटाराजवळची, रस्त्यालगतची अळंबीही नको, मग ती जात खाण्याची का असेना. अळंबी जमिनीतलं शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच आणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथून वनोपज काढायला बंदी आहे.

मग मिळणार कुठून? पावसाळ्यात पालघर, वसई, शहापूर, कसारा या बाजूंच्या आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने शेवळं, कंटोळी, टाकळा, कुरडू घेऊन येतात आणि ठाणे, बोरिवली, दादरच्या स्टेशनांबाहेर बसतात. त्यांच्याकडे एखाद्या दिवशी पानावर मांडलेले अळंबीचे वाटे दिसतात. रोज नाही, आणि उशिरा गेलात तर नाहीच. भावावरून घासाघीस करण्याआधी विचारा, "मावशी, ही कुठे फुटलेली? वारुळावर की लाकडावर? आजचीच ना? तुम्ही घरी खाता ही?" तिने स्वतः काढलेली असेल तर ती जागेसकट सांगते. मधल्या माणसाकडून आलेला माल असेल तर उत्तर गोलमोल येतं. तिथून मी मुकाट्याने पुढे जाते.

आपल्याला हवी ती वारुळावरची अळंबी. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या पाल्या-लाकडाचा लगदा रचते आणि त्यावर बुरशीची शेती करते, ती तिचं अन्न म्हणून. पाऊस पडल्यावर त्याच बुरशीचे कोंब माती फोडून वर येतात, त्याच या छत्र्या. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून बटण किंवा धिंगरीसारखी तिची लागवड माणसाला जमलेली नाही. वारूळ खणून टाकलं तर पुढच्या वर्षीची अळंबीही गेली, हे काढणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

आता हातात घेऊन पारख. छत्रीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो, बहुधा बाकी टोपीपेक्षा गडद. खालची पाती पांढरी, जून होताना किंचित गुलाबीसर. देठाला खाली मुळासारखी लांब शेपटी असते, ती जमिनीतून थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेली असते. ही शेपटी सगळ्यात मोठी खूण आहे, म्हणून देठ कापून नुसत्या टोप्या विकायला ठेवल्या असतील तर घेऊ नका. देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असेल तर ती अळंबी लगेच बाजूला टाका. भयंकर विषारी जातींपैकी काहींना तशी वाटी असते.

घरी आणल्यावर मी एक टोपी ठशासाठी ठेवते. देठ कापायचा, पाती खाली करून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. चार-सहा तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा फिका गुलाबी येतो. हिरवा आला तर सगळा वाटा कचऱ्यात. पण नीट ऐका: गुलाबी ठसा म्हणजे खाण्याची परवानगी नव्हे, काही विषारी जातींचाही गुलाबीच असतो. ठसा नाकारण्यासाठी आहे, स्वीकारण्यासाठी नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळी होते का, तांदूळ रंग बदलतात का, किड्यांनी खाल्ली आहे का, या घरगुती परीक्षा पूर्ण सोडून द्या. एकही खरी नाही. उकळल्याने विष जातं हेही खोटं. यकृत निकामी करणारं अळंबीचं विष शिजवून, वाळवून तसंच राहतं. त्याची लक्षणं सहा ते चोवीस तास उशिरा दिसतात, मधे एक दिवस बरं वाटतं आणि मग यकृत ढासळतं. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा आल्या तर घरी काढे देत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा आणि उरलेली अळंबी बरोबर न्या. याचसाठी प्रत्येक वाट्यातली एक न शिजवलेली अळंबी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-चार घासच खावेत. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना रानातली देऊच नये.

साफसफाईला वेळ द्या, घाई केली की दाताखाली माती येते. शेपटीचा मातकट भाग कापून टाका, देठ सुरीच्या पाठीने खरवडा. मग मीठ-हळदीच्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, आत एखादी अळी असली तर वर येते. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन फडक्यावर निथळत ठेवा. बुळबुळीत किंवा वास येणारी फेका. सुरीने चिरू नका, देठ हातांनी उभे फाडा. कोंबडीच्या मांसासारखे धागे सुटतात, आणि मसाला धरतो तो त्या धाग्यांवरच.

आमच्याकडचं कालवण असं. पाव किलो अळंबी. एक कांदा आणि अर्धी वाटी ओलं खोबरं तेलावर तांबूस भाजायचं, सहा लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा घालून बारीक वाटायचं. कढईत तेलावर दुसरा कांदा परतायचा, हळद आणि दोन चमचे मालवणी मसाला घालायचा, मग अळंबी. मोठ्या आचेवर परता, झाकण नको. अळंबी आपलं पाणी सोडते. ते आटून तेल सुटेपर्यंत धीर धरा, इथेच चव ठरते. मग वाटप, दोन वाट्या गरम पाणी, मीठ, तीन आमसुलं, आणि मंद आचेवर किमान वीस मिनिटं. अळंबी कच्ची किंवा अर्धकच्ची कधीही खाऊ नये. गरम मसाला मी घालत नाही, रानाचा वास मरतो.

वाटा छोटाच मिळाला तर ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ, एवढ्यावरच सुकी करा.

आणलेली अळंबी त्याच दिवशी रांधायची. अगदीच रात्रीपर्यंत ठेवायची झाली तर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून नाही. श्रावणात आमच्या घरी मटण बंद असतं, तेव्हा हे कालवण तांदळाच्या भाकरीबरोबर वाढते. भाकरी गरम हवी, आणि शेजारी चिरलेला कांदा.