पपईवरचा व्हायरस मावा मारून थांबत नाही

करमाळा, माढा, माळशिरस भागात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पपई लागवडीची तयारी सुरू आहे. बेड ओढले, ड्रीप पसरलं, रोपं बुक झाली. एवढ्यात एक गोष्ट मनावर घ्या. रिंगस्पॉट व्हायरस एकदा झाडात शिरला की त्याला औषध नाही, आणि कीटकनाशकावर भिस्त ठेवून तो अडवताही येत नाही.

कारण हा व्हायरस पसरवणारा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पपईवर घर करत नाही. तो कपाशी, चवळी, काकडी-कलिंगड आणि तणांवर वाढतो, पंख फुटले की उडतो आणि वाटेत पपईच्या पानाला सोंड टोचून बघतो. रोगट झाडावरून व्हायरस उचलायला त्याला काही सेकंद पुरतात आणि पुढच्या झाडाला द्यायलाही तेवढेच. औषधाने तो मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. दर चार दिवसांनी इमिडाक्लोप्रिड मारणारे शेतकरी बघून जीव तुटतो. तोच पैसा दुसरीकडे लावा.

पहिला खर्च कडेच्या पिकावर. लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटच्या चारी बाजूंनी मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी दाट पेरा. उडत आलेला मावा आधी तिथं टोचतो, सोंडेतला व्हायरस तिथंच सुटतो आणि मक्या-ज्वारीला तो लागत नाही. मका वाळला की आडोसा जातो, म्हणून महिन्याने आतल्या अंगाला आणखी एक ओळ टाका. जनावरं असतील तर नेपिअर गवत लावा, वैरणही होते.

आता कलिंगडाचं. पपईत आंतरपीक म्हणून कलिंगड घ्यायची आपल्याकडे सवय आहे, दोन पैसे लवकर सुटतात हे खरं. पण मावा कलिंगडावर पोसला जातो आणि पपईचा व्हायरस वेलांवरही जगतो. पहिल्या काही महिन्यांत लागण झालेल्या झाडाला फळ जवळपास धरतच नाही, आणि नेमकं तेव्हाच कलिंगड शेजारी असतं. त्याऐवजी कांदा घ्या. चवळी नको.

रोपं बारीक जाळीच्या (४० ते ५० मेश) नेटमध्ये वाढवलेलीच घ्या. हा व्हायरस बियांतून येत नाही, पण उघड्यावरच्या रोपांत येऊ शकतो. शेजारची जुनी रोगट बाग नवीन लागवडीआधी काढा. विहिरीजवळचं, परसातलं एकटं झाडही बघा.

थंडी आणि ढगाळ हवेत मावा वाढतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ओळीओळीने फिरा. शेंड्याची पानं पिवळी-हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची, पुढे दोरीसारखी बारीक. देठावर आणि कोवळ्या खोडावर तेलात बुडवल्यासारखे गडद हिरवे ओरखडे. फळावर गोल कडी. असं झाड दिसलं की मुळासकट उपटा आणि पुरून टाका. नुसतं तोडलं तर बुडखा फुटतो.

उपटण्याआधी एक खात्री करा. शेजारच्या उसात २,४-डी हे तणनाशक मारलं असेल तर त्याच्या उडालेल्या तुषारांनीही पपईची पानं दोरीसारखी होतात. पण ती एकदम, वाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या झाडांवर दिसतात आणि देठावर तेलकट ओरखडे नसतात. तरीही शंका राहिली तर पान आणि देठ घेऊन मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, झाड तोवर राहू द्या.