जुन्या हवाई फोटोंतले खंदक कसे ओळखायचे

साताऱ्यात बसून युद्धकाळातले हवाई फोटो वाचायला शिकायचं असेल, तर सुरुवात माण-खटावच्या डोंगरउतारांपासून करा. गूगल अर्थवर तिथले सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले चर, शोधा. जेमतेम 60 सेंमी रुंदीचा चर वरून दिसतो तो उताराकडच्या अंगाला टाकलेल्या मुरमामुळे. लष्करी खंदकाचंही तेच. 1:10,000 प्रमाणाच्या फोटोत 1 मिमी म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. मीटरभर रुंदीचा खंदक केसाएवढा उरतो. नजरेत भरते ती उकरलेली उजळ माती. फ्रान्समधल्या सोमच्या, पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीत तर खाली खडू असल्याने रेघा पांढऱ्याफेक उमटल्या आहेत. स्कॅन 1200 डीपीआयचाच (इंचाला 1200 ठिपके) घ्या, म्हणजे या प्रमाणात एक पिक्सेल सुमारे 21 सेंमीचा पडतो.

नवशिके हमखास फसतात ते सावलीत. युरोपात सूर्य दक्षिणेला, म्हणून दुपारची सावली उत्तरेला. उत्तर वर ठेवून फोटो पाहिला की सावली आपल्यापासून लांब जाते आणि उजेड वरूनच येतो असं धरणारा आपला डोळा खंदकाला बांध समजतो. फोटो उलटा फिरवा, सावली स्वतःकडे येऊ द्या. फुगलेली रेघ बघता बघता खाली बसते.

आता आकार. पाण्याचा चर डोंगराच्या अंगाने गुळगुळीत वळतो. पहिल्या महायुद्धातला आघाडीचा खंदक मात्र काही मीटरवर काटकोनात मोडत जातो, थेट किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दात्यांसारखा. एका टोकाला गोळा फुटला तर धक्का आणि तुकडे सरळ रेषेत सगळ्यांना लागू नयेत, म्हणून ही मोड. दुसऱ्या महायुद्धात तुटक, आखूड खड्डे जास्त दिसतात. तिथे या चर्या शोधत बसू नका.

बॉम्बच्या खड्ड्याभोवती माती चहूबाजूंनी उडालेली असते. तोफ ठेवायला खणलेल्या खड्ड्याभोवतीच्या मातीच्या कड्याला वाटेसाठी फट असते आणि त्या फटीपर्यंत चाकोरी आलेली असते. चाकोरी नाही, पायवाट नाही, तर ठाणं बनावट असण्याची शंका घ्या.

भारतीय सैन्यातल्या मराठा पलटणी जिथे 9 एप्रिल 1945 ला लढल्या, त्या इटलीतल्या सेनिओ नदीकाठचे फोटो सगळ्यांत अवघड. जर्मनांनी उंच पूरबांधच आतून पोखरले होते, त्यामुळे खंदकाची रेघ शोधून भागत नाही. बांधाच्या मागच्या उतारावरची ताजी माती आणि तिथेच येऊन संपणाऱ्या पायवाटा बघा.