हळदीची आणि वरातीची गाणी कशी ठरवायची: बेंजोच्या ट्रॉलीवरून

लग्न ठरलं की हॉल, केटरर, फोटोवाला हे सगळं आधी पक्कं होतं आणि गाण्यांचा विषय शेवटच्या आठवड्यात निघतो. मग नवरदेवाचा एखादा मावसभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर भलीमोठी यादी पाठवतो, "दादा, एवढी सगळी वाजवा." मी पनवेल-उरण पट्ट्यात बेंजो पार्टीत वाजवतो. अशी यादी आली की त्या मुलाला मी एकच काम सांगतो. यादीतलं प्रत्येक गाणं शब्द न म्हणता नुसतं गुणगुणून बघ. दोन ओळींच्या आत घरातल्या आजीने ओळखलं तर ठेव. नाही ओळखलं तर गाणं चांगलं असेलही, पण ते वरातीचं नाही.

यामागे कारण आहे. आमचं बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं बुलबुल तरंग. त्याला पिकअप लावून आवाज स्पीकरला दिलेला. त्याला शब्द येत नाहीत. शब्दांच्या जोरावर चाललेलं गाणं बेंजोवर लगेच उघडं पडतं, आणि चाल पक्की असेल तर माणसं शब्द स्वतःच म्हणतात. तुम्ही डीजे लावणार असाल तरी ही परीक्षा करा. भर रस्त्यात, ताशाच्या आवाजात, मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकूच येत नाहीत. त्याच्यापर्यंत पोचते ती चाल आणि ठेका.

'कोंबडी पळाली' घ्या. 2006 च्या 'जत्रा' मधलं, अजय-अतुल यांचं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. हीच चाल त्याच संगीतकारांनी 2012 च्या 'अग्निपथ' मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून वापरली. नवरी मराठी आणि नवरदेवाकडचे उत्तर प्रदेशातले, अशा वरातीत ही चाल सुरू केली की रस्त्याची एक बाजू एक गाणं म्हणते आणि दुसरी बाजू दुसरं, पाय मात्र एकत्र पडतात. 'झिंगाट'चंही तेच: 2016 ला 'सैराट', 2018 ला हिंदीत 'धडक'. दोन भाषांतल्या घरांचं लग्न असेल तर अशा दोन्हीकडे माहीत असलेल्या चाली आधी शोधून ठेवा. व्याही मंडळी कडेला हाताची घडी घालून उभी राहिली तर वरात अर्धीच झाली असं मी मानतो.

आता यादी करायला बसा. दोन कागद घ्या. एकावर हवी असलेली गाणी, दुसऱ्यावर नको असलेली. दुसरा कागद जास्त महत्त्वाचा, आणि तो कोणी करत नाही. घरातल्या गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं अचानक वाजलं की नवरीची आई मंडपाच्या मागे जाऊन बसते. काही घरांना ते गाणं मुद्दाम हवंही असतं. हे बाहेरच्या वाजवणाऱ्याला कळणार कसं? आत्याला किंवा थोरल्या काकांना विचारून लिहून द्या. एकूण किती गाणी? तासाभराच्या वरातीला पंधरा-वीस चाली पुष्कळ होतात. गाणं पूर्ण वाजत नाही. धृपद, एक कडवं, परत धृपद, की पुढची चाल. राहिलेलं वाजवणाऱ्यावर सोडा. त्याला समोरचे पाय दिसत असतात.

हळदीपासून सुरुवात करू. आमच्या आगरी-कोळी घरांत हळदीला धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, असेल तर ती धवले म्हणत असताना स्पीकर बंद. नुसता आवाज कमी नाही, बंद. तिचा आवाज माईकशिवायचा असतो आणि तिच्या मागून म्हणणाऱ्या बायकांचा सूर एकदा मोडला की परत लागत नाही. पोरं घाई करतात, त्यांना सांगा की रात्र तुमचीच आहे. धवले झाले की पहिली चाल एकवीरा आईची. नंतर हळद लावताना 2015 च्या 'तू ही रे' मधलं 'गुलाबाची कळी' किंवा 2012 च्या 'इंग्लिश विंग्लिश' मधलं 'नवराई माझी'. ही दोन गाणी यादीत लिहिलीच नाहीत तरी कोणीतरी येऊन मागतंच. छगन चौगुले यांनी घराघरांत पोचवलेलं बानूच्या लग्नाचं गाणं, 'नवरी नटली', इथे छान बसतं. ते खंडोबाच्या जागरणातलं आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांना देवाचं वाटतं आणि तरुणांना नाचाचं.

कोळीगीतांसाठी मात्र वेगळा वेळ काढा. कोळीगीतांचा डोलता ठेका सहा मात्रांचा आणि डीजेवरची बहुतेक गाणी चार मात्रांची. एक कोळीगीत, एक पंजाबी, परत कोळीगीत असं केलं की नाचणाऱ्यांचे पाय दरवेळी अडखळतात आणि चारपाच जण बाहेर पडून पाणी प्यायला जातात. चारपाच कोळीगीतं सलग घ्या. 'मी डोलकर'ने सुरुवात केली तर उत्तम. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लता आणि हेमंतकुमार यांचा आवाज, आणि नाच न येणारा माणूससुद्धा त्यावर वल्हं मारल्यासारखे हात हलवू शकतो. पुढे 1976 च्या 'हा खेळ सावल्यांचा' मधलं 'गोमू संगतीनं' घ्या, म्हणजे जोडीने नाचणारे पुढे येतात. सहा मात्रांतून चारवर जाताना मध्ये फक्त ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, चालू ठेवायची, दोन-तीन दमांची, आणि मग नवा ठेका टाकायचा. डीजेवाल्यालाही हे सांगून ठेवा. नुसतं बटण दाबून गाणं बदललं की गर्दीला ठेच लागते.

वरातीची, किंवा लग्नाआधी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघणार असेल तर त्याची, चूक बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत होते. घरासमोरच 'झिंगाट' लागतं. माणसं अजून चपला शोधत असतात, करवलीची साडी नीट व्हायची असते, मामा घोडेवाल्याशी बोलत असतो. पोरं दोन मिनिटं उड्या मारतात, दमतात आणि हॉल अजून लांब असतो. सुरुवातीला चालायच्या वेगाची गाणी ठेवा. 1974 च्या 'चोर मचाये शोर' मधलं 'ले जाएंगे ले जाएंगे' यासाठी फार चांगलं, कारण त्यावर टाळ्या वाजवत पुढे सरकता येतं. मग 1977 चं 'आज मेरे यार की शादी है', मित्रांसाठी. 'झिंगाट' रस्ता दोन तृतीयांश संपल्यावर, एखाद्या रुंद चौकात, आणि एकदाच. दुसऱ्यांदा मागतील. देऊ नका. त्याऐवजी 'कोंबडी पळाली' द्या.

आणि नागीण. नागिणीची चाल यादीत लिहायची गरज नसते, ती वरातीत येतेच, पण कधी आणि कुठे वाजवायची हे ठरवावं लागतं. 1954 च्या 'नागिन' चित्रपटाची ही चाल. संगीत हेमंतकुमार यांचं. पडद्यावर पुंगी दिसते, पण तो आवाज पुंगीचा नाही. कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या कीबोर्डवर तो काढला आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. म्हणून बेंजोच्या बटणांवर ती ओढ नीट येत नाही तेव्हा मी ती कीबोर्डवाल्याला देतो, तो पिच बेंडच्या चाकावर सूर वळवतो, आणि ते मूळ वाजवण्याच्या जास्त जवळ जातं. हे रवी म्हणजे तेच, ज्यांनी पुढे संगीतकार म्हणून 1960 ला 'मेरा यार बना है दूल्हा', 1968 ला 'बाबुल की दुआएं' आणि 'आज मेरे यार की शादी है' केलं. वरात निघण्यापासून मुलगी सासरी जाईपर्यंत एकाच माणसाचा हात. मला ट्रॉलीवर उभं राहून हे आठवलं की त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

तर नागीण वाजवण्याची रीत. आधी गोल झालेला हवा. रस्ता बघा, खडी टाकलेली असेल तर तिथे अजिबात नको, गुडघे सोलतात. ढोल थांबवा, फक्त सूर चालू ठेवा. कोणीतरी रुमाल दातात धरून पुढे येतो, बहुतेक वेळा नवरदेवाचा मामा किंवा भावोजी, आणि समोरचा दोन्ही तळहात जोडून फणा करतो. आता वेग वाढवायचा मोह आवरा. तो खाली बसेपर्यंत संथ. पाठ रस्त्याला टेकली की त्याच सुरावर थांबून राहा, बायका ओरडतात, पैसे ओवाळले जातात, आणि तो उठायला लागला की ढोल उघडा. तो पूर्ण उभा राहतो त्याच क्षणी चौपट ठेका. हा दम जमला तर पुढची चार गाणी कोणतीही लावा, लोक नाचतातच.

घोडा असेल तर ताशा त्याच्या मागे चिकटून ठेवू नका. घोडा पुढे, मधे घरची वडीलधारी मंडळी, मग नाचणारी पोरं आणि मग आमची ट्रॉली. घोडेवाल्याला विचारून अंतर ठरवा.

हॉलच्या दारात वेगळीच अडचण असते. मुहूर्त टळत चाललेला, गुरुजी घड्याळ बघतायत आणि पोरं म्हणतात 'शेवटचं एक'. शेवटच्या एकाला अंत नसतो. म्हणून शेवटचं गाणं असं ठेवा की त्यावर नाचताच येणार नाही. 'बहारों फूल बरसाओ' यासाठीच आहे. 1966 चा 'सूरज', शंकर-जयकिशन, रफीसाहेब. त्याची चाल संथ आणि रुबाबदार. पाय आपोआप थांबतात, लोक कपडे सारखे करतात आणि नवरदेवाकडे बघायला लागतात. त्याच सुरात त्याला दारापर्यंत न्या आणि आत सनईवाल्याच्या हवाली करा. मंगलाष्टकं संपली की एकदम ढोल फोडायचा असेल तर ढोलवाला आधीपासून आत उभा हवा, हे लक्षात ठेवा.

पाठवणीला काय लावायचं हे नवरीच्या आईला विचारा, दुसऱ्या कोणाला नको. पी. सावळारामांचं 'गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का' किंवा 'अष्टविनायक' मधलं वसंतराव देशपांडे यांचं 'दाटून कंठ येतो' आजही मागितलं जातं. माझं मत विचाराल तर आईने स्वतः मागितलं तरच लावा.

आता वेळ आणि कायदा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या 100 मीटरमध्ये शांतता क्षेत्र असतं. वाटेत दवाखाना असेल तर आम्ही आधीच्या वळणावर वाजवणं थांबवतो आणि पुढे गेल्यावर सुरू करतो. तुमच्या रस्त्यावर असं काही आहे का, हे एकदा पायी चालून बघा. हळदीला हा नियम जास्त नडतो, कारण पाहुणे जेवून नाचायला येईपर्यंत नऊ वाजलेले असतात. म्हणून 10 पासून उलटं मोजा. पावणेदहाला मोठं गाणं, नऊला कोळीगीतं, आठला हळद लावणं, सातला धवले. जेवण मधे किंवा नंतर ठेवा, पण सातची सुरुवात हलवू नका. पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढा आणि तिची प्रत वाजवणाऱ्याकडे द्या.

कधी हॉलवाले गाण्यांचा परवाना मागतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(झेडए) मध्ये धार्मिक विधींसाठी सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही धरले आहेत. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. ती सूचना मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा.

राहिला प्रश्न नव्या गाण्यांचा. दर हंगामाला एक नवं गाणं येतं आणि सगळ्यांना ते हवंच असतं. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 च्या फेब्रुवारीत आलं, आणि त्याच मोसमात नऊवारीतल्या काकूही त्याची पावलं करत होत्या. नवं गाणं ठेवावं की नाही हे ठरवायला आळीतल्या सहा-सात वर्षांच्या पोरांसमोर ते लावा. न सांगता एखादी ठरलेली हालचाल सगळ्यांनी एकदम केली तर गाणं चालणार. पोरं नुसती ऐकत राहिली तर ते रीलपुरतंच आहे. नवी दोन, फार तर तीन ठेवा, आणि ती जुन्या दोन गाण्यांच्या मधे घाला, म्हणजे ज्यांना नवं येत नाही ते गोलातून बाहेर जाण्याआधी त्यांचं गाणं परत आलेलं असतं. यादी चार दिवस आधी द्या. नवी चाल बेंजोवर बसवायला आम्हाला एक संध्याकाळ तरी लागते, आणि मूळ गाण्याची पट्टी बेंजोला सोयीची नसेल तर ती बदलून ताशावाल्यासोबत एकदा वाजवून बघावी लागते.